मजुरीवरचे नायक : सुपरहिरो-संघांचे पुनरारंभ, त्यांचे लेखक आणि वाचकांचा कौल

सुपरहिरो कॉमिक्सच्या धंद्यात ‘रिलॉन्च’, म्हणजे पुनरारंभ, हा आता नित्याचा उपाय झाला आहे. मालिकेची विक्री उतरू लागली, मागच्या शेकडो अंकांचा कथाभार नव्या वाचकाला पेलवेनासा झाला किंवा प्रकाशनसंस्थेतच फेरबदल झाले, की जुनी अंकगणती थांबवून पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात केली जाते, नायकांचे पोशाख आणि पूर्वकथा थोड्याफार बदलल्या जातात आणि बहुधा लेखकही बदलला जातो. एकट्या नायकाच्या मालिकेत हे तुलनेने सोपे असते. नायकसंघाच्या मालिकेत, म्हणजे स्वतंत्रपणे लोकप्रिय असलेले पाच-दहा नायक जिथे एका कथेत एकत्र आणलेले असतात तिथे, ते अवघड होऊन बसते, कारण अशा मालिकेचा वाचक संघाचा वाचक क्वचितच असतो. तो संघातल्या एखाद्याच नायकाचा पक्षपाती असतो, आणि नव्या लेखकाने आपल्या नायकाला किती चौकटी दिल्या, कोणापुढे माघार घ्यायला लावली, निर्णायक घाव कोणाच्या हातून घातला, याचा हिशेब तो काटेकोरपणे ठेवतो.

वाचकांचा हा कौल वरवर आवडीनिवडीचा वाटतो आणि त्याची चर्चाही बहुतेक वेळा त्याच पातळीवर थांबते: अमुक लेखक थोर, तमुक लेखकाने वाटोळे केले. परंतु या वादांच्या मुळाशी मालकीचा प्रश्न असतो. सुपरहिरोचा निर्माता एक, त्याचा मालक दुसरा आणि त्याच्या कथा लिहिणारा तिसरा, अशी या कलेची घडण आहे, आणि वाचक यांपैकी ज्याला दोष देतो तो नेहमीच दोषी असतो असे नाही.

ही घडण समजून घ्यायला भिवंडीपेक्षा सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायात मोठा हिस्सा मजुरीवरच्या विणकामाचा आहे: व्यापारी सूत देतो, कापडाची जात ठरवून देतो, मागधारक ठरलेल्या मजुरीने ते विणतो, आणि तयार झालेले कोरे कापड पुन्हा व्यापाऱ्याकडे जाते; पुढे त्यावर रंग चढतो, छाप बसते, नाव लागते, पण विणणाऱ्याचे नाव त्यावर कुठेही येत नाही. सुपरहिरो कॉमिक्सचा लेखक दीर्घकाळ नेमक्या याच व्यवस्थेत काम करीत आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे ते आपल्याच नायकासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. पुढच्या पिढ्यांतल्या लेखकांना तर विकण्यासाठीही काही उरले नाही, कारण अमेरिकी कायद्यात ज्याला मोबदल्यावर करवून घेतलेले काम म्हणतात त्या तत्त्वानुसार लिहिलेली प्रत्येक ओळ आणि जन्माला घातलेले प्रत्येक पात्र पहिल्या क्षणापासूनच प्रकाशकाचे असे.

या व्यवस्थेतले सर्वांत गाजलेले उदाहरण ‘एक्स-मेन’ या संघाचे आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९७० पर्यंत इतकी थंडावली, की पुढची पाच वर्षे तिच्या नावाखाली जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका जाडजूड विशेषांकातून संघ नव्याने उभा केला. केनियातली स्टॉर्म, जर्मनीतला नाइटक्रॉलर, रशियातला कोलोसस आणि कॅनडातला वुल्व्हरिन अशी वेगवेगळ्या देशांची माणसे त्यात आणली. लगेचच लेखन ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे गेले आणि १९९१ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. इतका प्रदीर्घ काळ एकाच लेखकाच्या हाती राहिलेला संघ या कलेत विरळा. त्या काळात एक्स-मेनच्या वाचकांचा एक असा वर्ग तयार झाला, जो कोणा एका नायकापेक्षा लेखकाच्या आवाजाशी बांधलेला होता. १९९१ मध्ये या संघाच्या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला, त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि हा विक्रम करणाऱ्या मालिकेतून क्लेअरमाँट तिसऱ्या अंकानंतर बाहेर पडले. या आकड्याबद्दल थोडे सावध राहायला हवे, कारण अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला होता आणि एकाच ग्राहकाने त्याच्या अनेक प्रती घेतल्या होत्या. पण सोळा वर्षे लिहिणारा लेखक जाऊनही पात्रे आणि विक्री जागच्या जागी राहतात, हा धडा प्रकाशकांनी त्यातून घेतला, तो मात्र पक्का घेतला. त्यानंतरचा प्रत्येक पुनरारंभ, मग तो २००१ चा ग्रँट मॉरिसन यांचा असो वा २०१९ चा जोनाथन हिकमन यांचा, लेखकाचे नाव मोठ्या अक्षरांत जाहीर करून सुरू झाला, आणि त्याच कारणाने प्रत्येक अपयशाचे खापरही त्या नावावरच फोडले गेले. लेखक आला की त्याचा झेंडा, लेखक गेला की त्याचे उणेदुणे. नायक कोणाचा, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

वाचकाला प्रत्यक्ष अधिकार दिला तर काय घडते, याचाही दाखला उपलब्ध आहे. १९८८ मध्ये बॅटमनचा साथीदार रॉबिन, म्हणजे त्या काळी त्या नावाने वावरणारा जेसन टॉड, याने जगावे की मरावे, हे ठरवण्यासाठी डीसी या प्रकाशनसंस्थेने दूरध्वनीवरून मते मागवली. मरावे या बाजूने ५,३४३ आणि जगावे या बाजूने ५,२७१ मते पडली, आणि केवळ ७२ मतांच्या फरकाने एक पात्र मारले गेले. मत देणाऱ्यांत त्या पात्राच्या लेखकावर चिडलेले किती, पात्रावर चिडलेले किती आणि निव्वळ गंमत म्हणून क्रमांक फिरवणारे किती, हे त्या आकड्यांवरून कळणे शक्यच नाही. वाचकांचे मत मोजता येते, पण ते कशाबद्दलचे मत आहे हे मोजणीतून उमगत नाही. कॉमिक्सच्या कोणत्याही पुनरारंभाविषयीची मते वाचताना हा अनुभव ध्यानात ठेवलेला बरा.

भारतात सुपरहिरो-संघाची खरीखुरी, दीर्घकाळ चाललेली परंपरा निर्माण झाली ती हिंदीत, आणि तिचे केंद्र दिल्ली असले तरी तिच्या घडणीत मराठी हातांचा वाटा मोठा आहे. राजकुमार गुप्ता यांच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये ‘नागराज’ हा नायक बाजारात आणला. लेखक परशुराम शर्मा हे हिंदीतले लोकप्रिय कादंबरीकार, तर चित्रकार होते पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांचा हात तोवर अमर चित्र कथेच्या पौराणिक आणि ऐतिहासिक अंकांवर बसलेला होता. सापाच्या खवल्यांचे हिरवे अंग, पिळदार पण पोथीतल्या देवासारखे रेखीव शरीर आणि मनगटातून निघणारे सर्प, हे नागराजाचे रूप मुळीक यांच्या रेषेतून सिद्ध झाले. अमेरिकी नायकांची नक्कल म्हणून सुरू होऊ शकला असता असा हा नायक भारतीय वाटला, याचे निम्मे श्रेय त्या रेषेकडे जाते. पुढे संजय अष्टपुत्रे यांनी नागराजाची चित्रे काढली आणि विठ्ठल कांबळे यांनी शाईकामात, म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनावर शाईने अंतिम रेषा देण्याच्या कामात, अनेक अंकांना हात लावला. मराठी कलासमीक्षेने या मंडळींची दखल जवळजवळ घेतलीच नाही. हिंदीतले, मुलांचे आणि स्वस्त कागदावरचे, अशा तिहेरी कारणांनी हे काम दृष्टिआड झाले असावे.

भिवंडीसारख्या शहरात या कॉमिक्सना वाचकवर्ग मिळणे स्वाभाविक होते. जुने कोकणी मुसलमान, उत्तरेतून येऊन स्थिरावलेले मोमीन विणकर, तेलुगू बोलणारे पद्मशाली, खाडीकाठचे आगरी-कोळी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून मागावर कामाला आलेले मजूर, अशा वस्तीत घरची भाषा कोणतीही असली तरी गल्लीतली सामाईक भाषा हिंदीच राहिली, आणि दिवसाच्या भाड्याने कॉमिक्स देणारी छोटी दुकाने हा त्या काळी सगळ्याच कष्टकरी शहरांतल्या मुलांचा वाचनालयाइतकाच, किंबहुना अधिक, हक्काचा आधार होता. भाड्याने वाचलेले कॉमिक्स संध्याकाळी परत करावे लागते, म्हणून ते लक्षात ठेवावे लागते. नायकाच्या पूर्वकथेत पुढच्या लेखकाने केलेला बारीकसा बदलही या वाचकांना खटकतो, त्यामागे ही पाठांतराची सवय असावी.

राज कॉमिक्समधला पहिला मोठा पुनरारंभ त्या नावाने जाहीर झालाच नाही. सुरुवातीचा नागराज म्हणजे प्रोफेसर नागमणीने घडवलेले, दहशतवाद्यांना लिलावात विकायचे एक जिवंत शस्त्र. गुरू गोरखनाथांमुळे त्याचे मन पालटते आणि तो देशोदेशी फिरून दहशतवाद्यांशी लढतो. अनुपम सिन्हा, ज्यांनी १९८७ मध्ये ‘सुपर कमांडो ध्रुव’ स्वतः लिहून-रेखाटून उभा केला होता, त्यांनी पुढे नागराजाची सूत्रे हाती घेतली आणि त्याला महानगर नावाच्या शहरात स्थिर केले, भारती कम्युनिकेशन या कंपनीत नोकरी करणारा ‘राज’ हे सर्वसामान्य रूप दिले, तक्षकनगरच्या राजघराण्यातला जन्म दिला आणि नागलोकाची एक सबंध पुराणकथा मागे उभी केली. जुनी कथा न पुसता तिच्या मागे नवी कारणे रचण्याच्या या तंत्राला कॉमिक्सच्या परिभाषेत ‘रेटकॉन’ म्हणजे पूर्वकथेची उलट दिशेने केलेली दुरुस्ती म्हणतात. सिन्हा यांची दुरुस्ती वाचकांनी स्वीकारली, इतकी की आज बहुसंख्य वाचकांना नागराज म्हटले की तोच नागराज आठवतो. हिंदी कॉमिक्समधला हा सर्वांत यशस्वी पुनरारंभ मानावा लागेल, आणि त्याच्या यशाचे कारणही स्पष्ट आहे: सिन्हा यांनी नायकाची शक्ती वाढवण्याआधी त्याला पत्ता, नोकरी आणि घराणे दिले.

तरीही मुळीक-शर्मा काळातल्या भटक्या, एकाकी, दहशतवाद्यांचा माग काढणाऱ्या नागराजाची ओढ असलेला वाचक शिल्लक होताच. त्यावर प्रकाशकांनी काढलेला तोडगा जगातल्या कोणत्याही कॉमिक्स-प्रकाशकाला शोभावा असा आहे. त्यांनी नागराजाचे तीन समांतर प्रवाह चालवले: सिन्हांच्या परंपरेतला ‘विश्वरक्षक’ नागराज, जुन्या वळणाचा ‘आतंकहर्ता’ नागराज आणि नव्या पोशाखातला, अधिक गडद वृत्तीचा ‘नरक नाशक’ नागराज. प्रत्येक वाचकगटाला आपापला नागराज मिळाला. परिणामी वाद मिटण्याऐवजी कायमचा झाला, कारण आता प्रत्येक गटाला इतर दोन नागराज खोटे ठरवायचे होते.

संघाकडे वळताना ध्रुवाचा विचार करावाच लागतो. जळून गेलेल्या ज्युपिटर सर्कशीतून वाचलेला, पोलीस आयुक्तांच्या घरी वाढलेला हा मुलगा कोणतीही अतिमानवी शक्ती नसताना केवळ बुद्धी आणि कसरतीच्या जोरावर लढतो. नागराज आणि ध्रुव एका कथेत आले की वाचकांचे दोन तट पडतात, आणि संघकथेच्या लेखकाची खरी परीक्षा इथेच सुरू होते: ज्याच्या देहात असंख्य सर्प आहेत आणि ज्याच्याकडे फक्त डोके आहे, अशा दोघांना एकाच संकटापुढे सारखे महत्त्व कसे द्यायचे? नागराज, ध्रुव, परमाणु, शक्ती, तिरंगा, इन्स्पेक्टर स्टील, डोगा आदींच्या या संघाला ‘ब्रह्मांड रक्षक’ असे नाव मिळाले आणि ‘कोहराम’, ‘ज़लज़ला’ यांसारखे बहुनायकी विशेषांक निघाले, ज्यांना वाचक हिंदी चित्रपटांच्या धर्तीवर ‘मल्टीस्टारर’ म्हणतात. यांतला डोगा मुंबईचा. कचराकुंडीत सापडलेला, अदरक, हल्दी, धनिया आणि काली मिर्च अशा नावांच्या चार काकांकडून कसरत आणि मारामारी शिकलेला, कुत्र्याचा मुखवटा घालून गटारांतून वावरणारा हा नायक हिंदी कॉमिक्समधला सर्वांत अस्वस्थ करणारा आहे, पण त्याची मुंबई ही लांबून पाहिलेली मुंबई आहे. तिच्यात व्यायामशाळा आहे, गुंड आहेत, गच्च्या आहेत, चाळीतला मराठी शेजारी मात्र शोधावा लागतो.

अनुपम आणि जॉली सिन्हा यांची ‘नागायण’ ही आठ भागांची मालिका संघकथेचा वेगळा प्रयोग होता. रामायणाचा सांगाडा भविष्यकाळात नेऊन त्यात नागराज आणि ध्रुव यांना बसवले होते, आणि मूळ चालू कथेशी तिचा संबंध ठेवलेला नसल्यामुळे लेखकांना पात्रांचे वय वाढवण्याची आणि त्यांना मरण देण्याची मोकळीक मिळाली. नायकाचे कायमचे काही बिघडू द्यायचे नाही, ही मालकाची अट जिथे सैल झाली तिथे लेखन लगेच सुधारले, एवढे या मालिकेवरून खात्रीने म्हणता येते.

त्यानंतरच्या पिढीतला, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे नितीन मिश्रा यांनी लिहिलेली आणि सुशांत पंडा यांनी रेखाटलेली ‘सर्वनायक’ मालिका. ‘युगांधर’ या अंकापासून सुरू झालेल्या या मालिकेत राज कॉमिक्सचे जवळपास सगळे नायक एकत्र आणले आहेत: आजच्या काळातले ब्रह्मांड रक्षक एका बाजूला आणि भोकाल, अश्वराज, गोजो, तिलिस्मदेव असे प्राचीन काळातले, बहुतांश विस्मृतीत गेलेले नायक दुसऱ्या बाजूला, युगम नावाच्या शक्तीने मांडलेल्या स्पर्धांत ते एकमेकांसमोर उभे ठाकतात. रचनेच्या दृष्टीने ही कल्पना चलाख आहे. कोण कोणाला हरवील, हा प्रश्न शाळेच्या बाकांवर दोन दशके चघळला गेला होता; मिश्रा यांनी तोच कथेचा विषय केला. वाचकांचे भांडण कथेबाहेर ठेवण्याऐवजी आत घेतले, त्याला नियम घातले आणि पंचही नेमला.

या मालिकेविषयीची मते टोकाची आहेत, आणि दोन्ही टोकांना तथ्य आहे. चाहत्यांचा एक वर्ग मिश्रा यांना राज कॉमिक्सचा तारणहार मानतो, कारण बंद पडलेल्या मालिकांतल्या नायकांना त्यांनी मानाने परत आणले, त्यांच्या जुन्या अंकांतले बारीक तपशील लक्षात ठेवले आणि विखुरलेल्या कथांना एका कालपटावर बसवले. दुसऱ्या वर्गाची तक्रार अशी, की पात्रांची गर्दी इतकी होते की कोणालाच श्वास घ्यायला जागा मिळत नाही, संवाद भारदस्त संस्कृतप्रचुर हिंदीत सगळ्यांच्या तोंडी सारखेच येतात, आणि अंकांमधली अंतरे इतकी लांबली की मागच्या भागात काय घडले हे आठवण्यासाठी मागचा भाग पुन्हा वाचावा लागतो. यांतली शेवटची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि लेखकाचा दोष त्यात सर्वांत कमी आहे. अंक केव्हा निघावा हे लेखक ठरवत नाही, चित्रकाराचा वेग, छपाईचा खर्च आणि घटलेली विक्री ठरवते. गर्दीची तक्रार मात्र खरी धरावी लागते. स्पर्धेची चौकट घेतली की प्रत्येक सामन्याला निकाल लागतो, निकाल लागला की पुढचा सामना येतो, आणि पराभूत नायकाच्या मनात काय चालले आहे हे सांगायला चौकट उरत नाही. सिन्हा यांनी नागराजाला घर दिले होते. ‘सर्वनायक’मध्ये सगळे नायक घराबाहेरच आहेत.

पूर्वी अशा तक्रारींना अंकातच जागा असे. राज कॉमिक्सच्या ‘ग्रीन पेज’ या पानावर संपादक संजय गुप्ता वाचकांशी थेट बोलत, आगामी अंकांची माहिती देत आणि पत्रांची दखल घेत. दूरच्या गावातल्या वाचकालाही आपले म्हणणे कोणीतरी ऐकते आहे असे वाटे. त्या पानाचा एक दुष्परिणामही झाला, तो असा की वाचकाला संपादकाचे नाव आणि स्वभाव ओळखीचे झाले, तर लेखक-चित्रकार श्रेयनामावलीतल्या बारीक टायपात राहिले. २०२० नंतर गुप्ता बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि राज कॉमिक्स हे नाव संजय गुप्ता व मनोज गुप्ता यांच्या नावांची जोड लावून स्वतंत्रपणे छापले जाऊ लागले, तेव्हा एकाच नायकाचे अंक एकापेक्षा अधिक घरांतून येण्याची वेळ आली. वाचकांनी या फुटीवर जितकी चर्चा केली तितकी कोणत्याही कथेवर केली नसेल, आणि मालकी हाच या कलेचा गाभ्याचा प्रश्न आहे याची जाणीव हिंदी वाचकाला बहुधा याच वेळी प्रथम झाली.

मराठीकडे वळले, तर चित्र वेगळे दिसते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने मराठीतूनही अंक काढले आणि ‘वेताळ’ मराठी घराघरांत पोचवला, पण तो परका नायक होता आणि त्याचे मराठी लेखक हे अनुवादक होते. इंद्रजालमध्येच १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा केशरी कुडता आणि जीन्स घालणारा देशी नायक आणला आणि त्याच्याभोवती नागरिक सुरक्षा दल उभे केले, ज्याला ‘नासुद’ म्हणत. अतिमानवी शक्ती नसली तरी भारतीय कॉमिक्समधला हा आरंभीचा नायकसंघ ठरतो. पुढे बहादूरचे लेखन सुरती यांच्याकडून जगजित उप्पल यांच्याकडे गेले. सुरती यांनी नंतर ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला राहून घरोघरचे गळके नळ दुरुस्त करण्याची चळवळ चालवली आणि त्यामुळे ते वर्तमानपत्रांत अधिक ओळखले गेले. बहादूरचा जनक म्हणून त्यांच्यावर मराठीत जे लिहिले गेले ते फारच थोडे. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले आणि मराठीतले नियतकालिक साहसी कॉमिक्स त्याबरोबरच जवळपास संपले.

मराठीचे स्वतःचे लोकप्रिय नायक कॉमिक्समध्ये नव्हे, कादंबरीत जन्मले. बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांचे झुंजार आणि काळापहाड, किंवा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, हे त्यांच्या लेखकांच्या नावांना इतके घट्ट बांधलेले राहिले की त्यांच्या पश्चात दुसऱ्या लेखकाने हक्काने पुढची मालिका लिहावी, अशी रीत मराठीत रुजलीच नाही. नायक लेखकाचा असणे हे लेखकासाठी न्याय्य आहे यात शंका नाही. पण त्यामुळेच झुंजार आणि फास्टर फेणे कधी एका कथेत भेटू शकले नाहीत. संघ उभा राहण्यासाठी लागणारे एक घर, एक मालक आणि अनेक हात मराठीत एकत्र आलेच नाहीत.

वाचकांच्या प्रतिक्रियांचा धर्म मात्र भाषेनुसार बदलत नाही. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित आणि क्षितिज पटवर्धन लिखित ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला, तेव्हा शाळकरी बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झालेला पाहून जुन्या वाचकांच्या एका गटाने नाक मुरडले आणि दुसऱ्या गटाने फेणे साकारणाऱ्या अमेय वाघ यांच्या ‘ट्टॉक्’ला मनापासून दाद दिली. चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भागवतांचीच भूमिका केली होती. नव्या लेखकाने मूळ लेखकाला कथेत बोलावून त्याच्याकडून मान्यता घ्यावी, हा पुनरारंभाचा खास मराठी प्रकार म्हणावा लागेल. अमेरिकेत अशी परवानगी मालकाच्या कचेरीतून मिळते, इथे ती आजोबांकडून घ्यावी लागते.

परदेशी मालकीच्या नायकाला मुंबईत आणण्याचा प्रयत्नही होऊन गेला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका केली, तिच्यात पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, काका भीम आणि काकू माया झाल्या, मेरी जेनची मीरा जैन झाली. नावे बदलून प्रदेश बदलत नाही, ही तेव्हाची टीका योग्यच होती. २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने पवित्रला स्पायडर-मंडळींच्या मोठ्या संघात आणले, त्याचे मुंबाटन हे शहर चक्रावणाऱ्या तपशिलाने रंगवले आणि चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला; त्याच वर्षी ब्रिटनमधले लेखक निकेश शुक्ला यांनी पवित्रच्या पाच अंकांची नवी मालिका लिहिली. लेखक भारतीय वंशाचा असणे पुरेसे आहे का, यावर वाचकांत मतभेद झाले. पुरेसे नाही, हेच त्याचे उत्तर. आडनाव मराठी वाटावे असे असूनही पवित्र प्रभाकरच्या बोलण्यात, खाण्यात, रागात मुंबईतल्या कोणत्याही एका मोहल्ल्याची खूण नाही, आणि याला शुक्ला यांच्यापेक्षा नायकाचे रूप आधीच ठरवून ठेवणारी मालकी अधिक जबाबदार आहे.

मालकाला न विचारता नायक घेतला तर काय होते, हे भिवंडीसारख्याच दुसऱ्या एका यंत्रमागाच्या शहराने दाखवले. शेख नासिर आणि त्यांच्या साथीदारांनी मालेगावात स्वतःचा सुपरमॅन-चित्रपट बनवला. त्यातला नायक म्हणजे मागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण, आणि त्याची लढाई गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही गोष्ट जगभर पोचली. पुढे रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या २०२४ मधल्या चित्रपटात ती पुन्हा सांगितली गेली, तेव्हा कथेतला सर्वांत जिव्हारी लागणारा धागा फरोग या लेखकाच्या दुखावलेपणाचा होता, ज्याला आपल्या शब्दांचे श्रेय हवे असते. विडंबन म्हणून केलेल्या नासिर यांच्या त्या स्वस्त चित्रपटातला सुपरमॅन एका गावाचा रहिवासी आहे, हे कोट्यवधींच्या अनेक पुनरारंभांना साधलेले नाही.

आज भिवंडीत मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली-दापोडा पट्ट्यातली गोदामे देशभरच्या ऑनलाइन खरेदीचा माल हाताळतात, आणि हिंदी कॉमिक्सच्या पुनर्मुद्रित आवृत्त्याही आता मुख्यतः ऑनलाइन मागवूनच घेतल्या जातात. भाड्याच्या दुकानातला वाचक चाळिशी ओलांडून संग्राहक झाला आहे. तो गुळगुळीत कागद, विशेष मुखपृष्ठ आणि पेटीबंद संच यांसाठी पैसे मोजतो. त्याच्या मतांचे वजन त्यामुळे वाढले आहे, पण त्याला हवे आहेत ते त्याच्या लहानपणीचे नायक जसेच्या तसे, आणि नव्या लेखकाला हीच अपेक्षा सर्वांत जाचक ठरते.

या परिस्थितीत ‘सर्वनायक’वरचा निकाल मालिका एकसंध वाचल्यावरच द्यायला हवा, तुटक अंकांवरून दिलेला कोणताही कौल प्रकाशनाच्या वेळापत्रकावरचा कौल आहे. प्रकाशकांकडून अपेक्षा एवढीच, की पुनर्मुद्रणाच्या प्रत्येक प्रतीवर मूळ अंकाचे वर्ष आणि लेखक, चित्रकार व शाईकार यांची नावे मुखपृष्ठावरच, नायकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावीत. प्रताप मुळीक यांच्या नागराजापासून त्याची सुरुवात करता येईल.